लाभपाचमेला न उघडलेलं शटर

बडोद्याच्या बाजारात दिवाळीनंतरचे दिवस शटरं खालीच असतात. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी चोपडापूजन उरकतं, मग बेसतुं वरस म्हणजे आपला पाडवा, मग भाऊबीज, आणि त्यानंतर मांडवीपासून रावपुऱ्यापर्यंत सगळे लाभपाचमेची, म्हणजे कार्तिक शुद्ध पंचमीची वाट बघतात. त्या सकाळी उंबरठ्यावर कुंकवाचं स्वस्तिक निघतं, नव्या वहीत पहिली नोंद होते, पहिल्या गिऱ्हाइकाच्या हातावर पेढा पडतो. एखाद्याचं शटर दुपारपर्यंत वर गेलं नाही, की माल पुरवणाऱ्यांचे फोन सुरू होतात. संध्याकाळपर्यंत बाजाराला कळलेलं असतं.

सवलतीच्या दरात सगळं एका छताखाली विकणारी वस्तीतली मोठी दुकानं अनेकदा अशीच मिटतात. खाली किराणा, वरच्या मजल्यावर कपडे, जिन्याखाली प्लास्टिकच्या बालद्या आणि स्टीलचे डबे, दाराशी पिशव्या ठेवून घेऊन टोकन देणारा माणूस. दांडिया बाजार, रावपुरा, कारेलीबाग, मांजलपूर इथल्या कितीतरी मराठी घरांची महिन्याची यादी वर्षानुवर्षं अशा दुकानांतून भरली गेली. बंद करायचं मनात पक्कं झालेला मालकसुद्धा दिवाळीपर्यंत रेटतो, कारण वर्षाचा मोठा गल्ला नवरात्र ते धनत्रयोदशी एवढ्या काळातच येतो, आणि जुनी देणी दिवाळीआधी चुकती करायची ही इथल्या व्यापाराची रीत. शेवटच्या दिवाळीच्या पैशांतून जेवढ्यांचं देता येईल तेवढ्यांचं देऊन तो थांबतो. वस्तीला वाटतं, अचानक बंद झालं. पण ते दोन-तीन वर्षं आधीपासून फळ्यांवर दिसत असतं.

आधी स्वस्ताई येते कुठून ते पाहू. पाकिटावरची एमआरपी ही कमाल किंमत. ती सगळे कर धरून छापायचा नियम १९९० मध्ये आला. तिच्यापेक्षा जास्त घेणं गुन्हा, कमी घ्यायला कोणाची ना नाही. साबण, चहा, बिस्किटं असल्या कंपनीच्या मालात दुकानदाराला साधारण ८ ते १२ टक्के सुटतात, मोठ्या खरेदीवर स्कीम मिळाली तर आणखी दोन-चार. त्यातले ५-६ टक्के गिऱ्हाइकाला सोडले की फळीच्या कडेला पट्टी लागते : ‘एमआरपी १२०, आमचा भाव ११३’. सिंगतेलाचा म्हणजे शेंगदाणा तेलाचा १५ किलोचा डबा, वासदची तूरडाळ, साखर हे तर जवळजवळ खरेदीच्याच भावात जातं. घरातली बाई तेलाच्या डब्याचा भाव दुकानाच्या दारावर वाचून आत येते, आणि जिना चढून पोरांसाठी चार बनियन आणि एक चादर घेऊन खाली उतरते. कपड्यांत, प्लास्टिकमध्ये, चादरींत ३० ते ४० टक्के असतात. वरचा मजला खालच्या मजल्याला पोसतो. ‘वळतर २० टका’, म्हणजे २० टक्के सूट, असा फलक ज्या मजल्यावर असतो, दुकानाचा नफाही त्याच मजल्यावर असतो.

पण टक्क्यांपेक्षाही मोठी गोष्ट आहे ती माल फिरण्याची. १ लाखाचा माल महिन्याला एकदा खपत असेल, तर १० टक्क्यांनी वर्षाला १ लाख २० हजार सुटतात. तोच माल खपायला अडीच महिने लागले तर ४८ हजार. पैसा तेवढाच गुंतलेला, फळी तेवढीच अडलेली. त्यात वितरकाची उधारी १५ ते २१ दिवसांची. माल १२ दिवसांत खपला, तर दुकान वितरकाच्या पैशावर चालतं आणि हातात थोडी रोकडही खेळती राहते. ३० दिवस लागायला लागले, की माल फळीवर असतानाच त्याचे पैसे खिशातून द्यावे लागतात. सवलतीच्या दुकानाचं सगळं बळ या १०-१५ दिवसांच्या फरकात असतं. मालक उदार होता म्हणून भाव कमी होता असं लोक मायेनं म्हणतात. ते म्हणणं खोटं नाही, पण भाव कमी राहिला तो माल पळत होता म्हणून.

आकड्यांत मांडतो. समजा ४,००० चौरस फुटांचं दुकान, महिन्याची विक्री ४० लाख, सगळा माल मिळून सरासरी १४ टक्के सुटतात, म्हणजे ५ लाख ६० हजार. चौरस फुटाला ४० रुपयांनी भाडं १ लाख ६० हजार. १८ माणसांचा पगार प्रत्येकी १३ हजारांनी २ लाख ३४ हजार. वीज ६५ हजार. पिशव्या, कार्डमशीनचे पैसे, चोरी, फूटतूट, उंदीर मिळून ५० हजार. खर्च ५ लाख ९ हजार झाला, उरले ५१ हजार, आणि गुंतवलेल्या भांडवलाचं व्याज यात धरलेलंच नाही. आता विक्री फक्त १५ टक्क्यांनी उतरली, ३४ लाखांवर आली. खर्च तोच. सुटणारी रक्कम ४ लाख ७६ हजार, म्हणजे महिन्याला ३३ हजारांचा खड्डा. घसरण बहुतेक वेळा वरच्या मजल्यावर आधी येते, कारण कपडे लोक मोबाइलवर मागवायला लागतात आणि नको झाले तर घरबसल्या परत देतात. मग सरासरी १४ वरून १२ टक्क्यांवर येते, सुटतात ४ लाख ८ हजार, आणि खड्डा लाखाच्या वर जातो. दुकानात गर्दी तर दिसते. बिलिंगच्या रांगेत माणसं उभी असतात, त्यांच्या टोपलीत मात्र नुसती साखर आणि तेल असतं.

खड्डा पडला की मालक पहिल्यांदा देणी लांबवतो. २१ दिवसांचे ३५ होतात, मग ५०. पुढच्या तारखांचे चेक दिले जातात आणि त्यातला एखादा परत येतो. बाजार लहान आहे. ज्या वितरकाचा चेक परत आला, त्याच्याकडून दुसऱ्याला कळायला एक चहा पुरतो. त्यानंतर माल रोखीवर. इथे खरी कोंडी होते, आणि बाहेरून बघणाऱ्याला ती उलटी दिसते. रोखीवर आधी जातो तो जोरात खपणारा माल, कारण तो विकायला वितरकाला हे एकच दुकान लागत नाही. तेलाचा धंदा तर मुळातच जवळजवळ रोखीचा. उधारीवर मिळत राहतो तो मंद माल : अनोळखी शांपू, न खपलेला वास असलेली अगरबत्ती, रंगीत प्लास्टिकची फुलं. म्हणजे फळ्या भरलेल्याच राहतात, पण त्यांवर जे हवं ते नसतं. यादीतल्या वीस वस्तूंपैकी चौदा मिळाल्या, सहांसाठी कोपऱ्यावरच्या वाण्याकडे जावं लागलं, असं सलग दोन महिने झालं, की तिसऱ्या महिन्यात अख्खी यादी वाण्याकडे जाते.

फळी कशी वाचायची ते सांगतो. लोखंडी रॅकची फळी फूट-सव्वा फूट खोल असते, तिच्यावर साबणाचे किंवा चहाचे पुडे एकामागे एक चार-पाच मावतात. चालत्या दुकानात समोरचा पुडा उचलला की मागचा लगेच हाताला लागतो. दुकान खंगायला लागलं, की काउंटरवरच्या मुलींना रोज सकाळी एकच काम असतं : उरलेला सगळा माल फळीच्या कडेशी ओढून एका ओळीत उभा करायचा. समोरून फळी गच्च दिसते. पुडा उचला आणि हात मागे घाला, बोटं थेट रॅकच्या पत्र्याला टेकतात. पत्र्यावर धूळ असते, आणि त्या धुळीत पूर्वीच्या पुड्यांच्या तळाचे चौकोन उमटलेले असतात. पुढचा टप्पा म्हणजे एकाच वस्तूने चार फूट जागा अडवणं. जिथे सहा प्रकारचे चहा होते तिथे एकच चहा, सहा रांगांत.

माणसं कमी झाली की जुना माल पुढे आणि नवा मागे ही शिस्त मोडते. १८ जणांचं काम ९ जण करतात, पेटी फोडतात आणि पुडे समोरच रचून मोकळे होतात. जुने पुडे मागे सरकत सरकत मुदत संपवतात. चांगलं खातं असेल तर वितरक ठरावीक मर्यादेपर्यंत मुदत संपलेला माल परत घेतो. खातं बंद पडलं, की तो बोजा दुकानाच्याच गळ्यात. वर जीएसटीचा नियम असा, की फेकून दिलेल्या मालावर पूर्वी घेतलेली कराची वजावट परत भरावी लागते. फेकलेल्या बिस्किटांचाही कर द्यायचा.

आणि पट्टीवरचा भाव. हे वाचायला बारीक वाटेल, पण माझ्या मते दुकान सगळ्यात जास्त इथे हरतं. माल नव्या दरानं आला, संगणकात भाव बदलला, फळीवरची पट्टी बदलायला माणूसच नाही. पट्टीवर ११३, बिलात ११९. सहा रुपयांसाठी कोणी भांडत नाही. पण त्या दिवशी घरी गेल्यावर बिलातली प्रत्येक ओळ तपासली जाते, आणि ज्या दुकानात वीस वर्षं बिल न बघता पैसे दिले, तिथे पुढच्या वेळी काउंटरवर उभं राहून बघितलं जातं. असा गेलेला भरवसा कुठल्याही ‘एकावर एक’ योजनेनं परत आलेला मी पाहिलेला नाही.

वरच्या मजल्याचा आजार वेगळा. तयार कपडे सेटमध्ये येतात, साधारणपणे लहान एक, मध्यम दोन, मोठे दोन, त्याहून मोठा एक. मधले चार आधी खपतात. उरतो तुटलेला सेट : सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठा. चालत्या दुकानात तुटलेले सेट दर सहा आठवड्यांनी ढिगाच्या टोपल्यात काढून पडेल भावाला देऊन टाकतात आणि त्या पैशांत नवा सेट भरतात. मालकाचा हात आखडला की तो तोट्यात द्यायला धजत नाही, ‘पुढच्या सीझनला जाईल’ म्हणतो. पुढच्या सीझनला हँगरच्या ओळीत फक्त चौतीस आणि चव्वेचाळीस छातीचे शर्ट लटकत असतात, खांद्यांवर ट्यूबलाइटच्या उजेडानं फिकट झालेल्या पट्ट्यांसह. त्याआधीच दुपारी बारा ते चार एसी बंद ठेवणं सुरू झालेलं असतं. मे महिन्यात बडोद्याचा पारा चाळिशीच्या वर असताना वरच्या मजल्यावर कोणी चढत नाही, आणि दुकानाची कमाई तर तिथेच असते.

अशा दुकानाला जे माहीत असतं त्याबद्दल थोडं थांबून लिहायला हवं. गुजराती आणि मराठी दोन्ही पंचांगं अमान्त, म्हणजे महिना अमावास्येला संपवणारी, त्यामुळे दोघांचा श्रावण एकाच दिवशी सुरू होतो. म्हणजे उपवासाच्या मालाची मागणी दोन्हीकडून एकाच आठवड्यात येते : साबुदाणा, राजगिरा, शिंगाड्याचं पीठ, दाणे, सैंधव. एकाच पांढऱ्या बारीक दाण्याला गुजराती बहेन मोरैयो म्हणते आणि आपण वरी किंवा भगर. सुट्या मालाच्या कोनाड्यात त्यावर हातानं लिहिलेलं कार्ड असतं, दोन लिप्यांत दोन नावं. काउंटरवरची मुलगी ‘काकू, भगर नवी आली आहे, पण अर्धाच किलो न्या, मागच्या वेळी तुम्हाला जाळी लागली होती’ असं सांगते. भगरीला पावसाळ्यात फार लवकर जाळी लागते, म्हणून जाणतं दुकान ती आषाढात भरत नाही, श्रावणाच्या तोंडावर दहा-दहा किलोंनी दोनदा मागवतं. थालीपिठाची भाजणी, मेतकूट, गोडा मसाला हे एखाद्या बचत गटाकडून वीस-वीस पाकिटं, तीही विकली गेली तरच पैसे, अशा बोलीवर. साखळी दुकानाच्या संगणकात वीस पाकिटांची वस्तू बसत नाही. मालाचा दर्जा बरा असतो तिथे, भावही. पण वीस पाकिटं भाजणी कोणत्या आठवड्यात आणायची हे तिथे कोणाला ठाऊक असण्याचं कारणच नाही.

बडोद्यात आणखी एक गोष्ट आहे, पाणी. ३१ जुलै २०१९ ला एका दिवसात सुमारे ५०० मिलिमीटर पाऊस पडला. २०२४ मध्ये ऑगस्टच्या अखेरीस, गोकुळाष्टमीच्या सुमारास, विश्वामित्री नदी पुन्हा शहरात शिरली. म्हणजे नेमका श्रावणाचा माल भरलेला, गणपतीचा येऊन पडलेला. तळघरात गोदाम असलेल्या दुकानाला असा एक पूर पुरतो. पुठ्ठ्याच्या पेट्यांची खालची थर भिजली की ती बसते आणि वरच्या कोरड्या पेट्या पाण्यात कोसळतात. धुण्याची पावडर दगड होते, डाळीचं पोतं दोन दिवसांत आंबतं. विमा असतो, पण हप्ता वाचवायला माल कमी दाखवलेला असतो. माल ६० लाखांचा आणि विमा ३० लाखांचा असेल, तर १० लाखांच्या नुकसानीला ५ लाखच मिळतात, कारण कंपनी विम्याच्या प्रमाणातच भरपाई देते. हा सरासरीचा नियम बहुतेकांना पाणी उतरल्यावर कळतो. ज्यांचं दुकान अजून चालू आहे त्यांनी पेट्या जमिनीपासून फूटभर उंच लाकडी चौकटींवर ठेवाव्यात आणि विम्याची रक्कम दर दिवाळीला मालाच्या खऱ्या किमतीशी जुळवून घ्यावी, एवढं तरी करावं.

मोठ्यांचंही वेगळं झालेलं नाही. चेन्नईत १९९७ मध्ये सुरू झालेली सुभिक्षा ही साखळी १,६०० च्या आसपास दुकानांपर्यंत गेली आणि २००९ मध्ये थांबली. २००१ चा बिग बाझार टाळेबंदीनंतर कर्जात रुतला, फेब्रुवारी २०२२ मध्ये भाडं थकलेल्या जागा रिलायन्सनं ताब्यात घेतल्या आणि जुलैत त्याची मालक कंपनी फ्युचर रिटेल दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. दोन्हीकडे पाट्या उतरायच्या आधी फळ्या रिकाम्या झाल्या होत्या. वस्तीतल्या दुकानाची बातमी कुठे छापून येत नाही, इतकाच फरक.

बंद करणं हेसुद्धा काम आहे आणि ते नीट करणारे मालक थोडे. आधी रात्री शटर ओढून मोजणी : दोघांची जोडी, एकानं मोठ्यानं मोजायचं, दुसऱ्यानं लिहायचं, मोजून झालेल्या रॅकला चिठ्ठी लावायची. मग परत जाण्याजोगा माल वितरकांना, देण्यातून वळता करून. मग सेल. पहिल्या आठवड्यात २० टक्के, तेव्हा ओळखीची गिऱ्हाइकं येऊन चांगलं ते नेतात. ४० टक्क्यांवर आजूबाजूचे दुकानदार. राहिलेलं लॉटमध्ये जातं, शर्ट नगावर, बालद्या वजनावर. गिऱ्हाइकानं या काळात पाकिटाच्या मागची तारीख वाचल्याशिवाय काही घेऊ नये, आणि पूर्वी तिथून मिक्सर किंवा इस्त्री घेतली असेल तर बिलाचा फोटो काढून ठेवावा. वॉरंटी कंपनीची असते, दुकान मिटलं म्हणून ती जात नाही, पण बिलाच्या चकचकीत कागदावरची छपाई वर्ष-दोन वर्षांत उडते.

जीएसटी नोंदणी रद्द झाली की तीन महिन्यांत शेवटचं विवरणपत्र भरायचं आणि शिल्लक मालावरची वजावट परत करायची. गुमास्ता परवाना, अन्नपरवाना, वजनकाट्याचा दाखला हे सगळं उतरवायचं. माणसांचा हिशेब मात्र यातल्या कशाच्याही आधी व्हायला हवा. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या दुकानाला ग्रॅच्युइटी लागू असते : शेवटचा मूळ पगार (महागाई भत्ता धरून) गुणिले १५, भागिले २६, गुणिले वर्षं. १३ हजारांवर अकरा वर्षं काढलेल्या मुलीचे ८२,५०० रुपये होतात. तिला ते बहुतेक वेळा माहीतच नसतं, आणि मालक ‘दिवाळीनंतर बघू’ म्हणतो. तिनं शटर शेवटचं पडायच्या आधी लेखी मागावं, भविष्य निर्वाह निधीचं खातं असेल तर त्याचा नंबर आणि कामाचा दाखला हातात घेऊन मगच बाहेर पडावं. तिला जे ठाऊक आहे, भगर कधी भरायची, कोणाच्या घरी कुठला चहा, ते त्या दाखल्यावर कुठेच लिहिलेलं नसतं.

रॅक सगळ्यात शेवटी निघतात. वरची फळी आधी, मग तिला तोलणारे लोखंडी कोन, मग पाठीचा पत्रा, उभे खांब आणि तळ अखेरीस, नाहीतर अख्खी ओळ अंगावर येते. घेणारा माणूस फळ्या मोजत नाही, कोन मोजतो. एका फळीला दोन, आणि ते हरवले असतील तर रॅक भंगाराच्या भावानं. फळी उतरवण्याआधी तिच्या कडेची प्लास्टिकची भावपट्टी एका टोकाला धरून ओढावी लागते. ती सर्रकन निघते, आणि आतली कार्डं फरशीवर पडतात : साखर, रवा, दाणे, मोरैयो-वरी. कार्डं झाडूनं एका कोपऱ्यात लोटतात. पट्ट्यांचा वेगळा भारा बांधतात, प्लास्टिकचा भाव वेगळा असतो.